भिंत न पाडता : एका स्वयंपाकघराच्या आवडीनिवडींचं प्रकरण

मागणी एका वाक्याची होती. स्वयंपाकघर लहान पडतंय, मधली भिंत पाडून ते बाहेरच्या खोलीत वाढवायचं. खोली ३ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद, म्हणजे ७.२ चौरस मीटर. स्वयंपाक करणारी माणसं दोन: सकाळी आई (उंची १५२ सेंमी), संध्याकाळी मुलगा (उंची १७५ सेंमी). रात्रीची भांडीही मुलगाच घासतो.

ओटा काटकोनात. तीन मीटरच्या भिंतीला शेगडी आणि टोकाला फ्रिज. २.४ मीटरच्या भिंतीला मधोमध सिंक, त्यावर एक मीटर रुंदीची खिडकी. दार खिडकीच्या समोरच्या भिंतीत. मोजमापांच्या ठोकताळ्यांवर ही खोली नापास होत नाही. सिंक, शेगडी आणि फ्रिज यांना जोडणारा कामाचा त्रिकोण एकूण ४ ते ७.९ मीटर असावा, एकेक बाजू १.२ ते २.७ मीटर असावी, असा गेल्या शतकातल्या चाळिशीच्या दशकापासूनचा नियम आहे. इथे बाजू साधारण १.३, १.४ आणि २.५ मीटर भरल्या. बेरीज ५.२. त्रिकोण अगदी नियमात, आणि तरीही दोघं त्रासलेली.

१९२६ साली ऑस्ट्रियाच्या वास्तुरचनाकार मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की यांनी आखलेलं फ्रँकफुर्ट स्वयंपाकघर १.९ बाय ३.४ मीटरचं, म्हणजे याहून लहान होतं. आतली हालचाल अक्षरशः पावलं मोजून बसवलेली होती. पण ते एकाच माणसाच्या हाताला बेतलेलं होतं, दुसरा आत आला की अडचण व्हायची. म्हणून चौरस मीटर मोजण्याआधी किती माणसं, कोणत्या उंचीची आणि कोणत्या वेळी काम करतात ते विचारावं लागतं.

सात दिवसांची वही

तोंडी विचारलं की उत्तर येतं, "लहान आहे." त्यातून दुरुस्तीला काही हाती लागत नाही. म्हणून फ्रिजला एक वही टांगली. उजव्या पानावर आवडलं ते, डाव्या पानावर खुपलं ते. अट दोनच: वेळ लिहायची, आणि त्या क्षणी हात काय करत होते ते लिहायचं. "लहान", "अडचणीचं", "गैरसोयीचं" हे शब्द वापरायचे नाहीत.

आवडलेल्याचं पान आधी भरायला सांगितलं होतं, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे. दुरुस्ती करणारे फक्त तक्रारी ऐकतात आणि त्या मिटवताना घरातल्यांचा जीव जिथे रमतो नेमकं तेच उखडून टाकतात. नवं स्वयंपाकघर झाल्यावर "सगळं छान आहे, पण पूर्वीसारखं वाटत नाही" असं ऐकू येतं, ते त्यामुळेच.

उजव्या पानावर पुन्हा पुन्हा आलेल्या गोष्टी चार. सिंकवरची खिडकी. शेगडीच्या उजवीकडची उघडी फळी, जिच्यावरची रोजची भांडी न शोधता हाताला येतात. मधे कुठे न तुटणारा दगडी ओटा. आणि समोरच्या भिंतीलगतचं स्टूल, ज्यावर बसून कोणीतरी काम करणाऱ्याशी बोलत असतं.

डाव्या पानावरच्या काही नोंदी जशाच्या तशा:

"सकाळी ८. गरम पातेलं दोन्ही हातांत. ठेवायला जागा नाही. ओव्हनच्या डोक्यावर ठेवलं."

"संध्या. ७. तळताना खिडकी उघडली तर धूर फ्रिजकडे जातो. बंद केली तर चिमणी नुसती आवाज करते."

"रात्री ९.३०. भांडी झाली. कंबर सरळ व्हायला पाच मिनिटं."

"फळीवरचं ताट काढलं, खालून चिकट. पुन्हा धुतलं."

दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली की प्रकरण उलगडतं. जी खिडकी आवडते तीच धूर पसरवते. जी फळी आवडते तीच चिकट होते. जो लांब ओटा आवडतो त्याच्यावरच जागा नाही. स्टूलवर बसलेल्याचे गुडघे फ्रिजच्या दारात येतात. आवड आणि नावड एकाच वस्तूला चिकटलेली आहेत. भिंत पाडली असती तरी या चार जोड्यांतली एकही सुटली नसती. खिडकी, फळी, ओटा यांच्यापैकी काहीही न काढता त्यांचा त्रास कसा काढायचा, हा खरा प्रश्न ठरला.

धूर

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, कारण दोन कारणं एकमेकांत अडकलेली होती.

तपासणीला यंत्र लागत नाही. रुंद पातेल्यात पाणी उकळायला ठेवायचं, शेगडीमागे गडद कापड धरायचं आणि बाजूने टॉर्च मारायचा. वाफ कुठे जाते ते स्पष्ट दिसतं. खिडकी पूर्ण उघडी असताना वाफेचा खांब शेगडीपासून वीसेक सेंमी वर गेला, वाकला आणि फ्रिजच्या दिशेने निघून गेला. चिमणीच्या तोंडापर्यंत पोचलाच नाही. खिडकी आणि दार दोन्ही बंद केल्यावर तो सरळ वर गेला, पण चिमणीखाली अडखळून कडांनी बाहेर सांडू लागला. जाळीला लावलेला टिश्यू पेपर जेमतेम टिकत होता.

पहिलं कारण हवेची वाट. चिमणी जितकी हवा बाहेर फेकते तितकी कुठून तरी आत यावीच लागते. सगळं बंद असेल तर पंखा नुसता फिरतो. पण ती हवा शेगडीजवळच्या खिडकीतून आली, तर तिचा झोत धुराला आडवा लागतो. हवा दुरून आणि हळू यायला हवी. इथे समोरच्या भिंतीतलं दार त्यासाठी आयतंच होतं. नियम असा बसवला: शेगडी चालू असताना दार उघडं, पलीकडच्या खोलीची खिडकी उघडी आणि सिंकवरच्या खिडकीची शेगडीजवळची झडप बंद. शेगडी बंद केल्यावर चिमणी आणखी दहा मिनिटं चालू ठेवायची, मग खिडकी सताड उघडायची. गॅसच्या शेगडीवर सगळं बंद ठेवून स्वयंपाक करणं मुळातच धोक्याचं आहे, कारण ज्वाळेलाही हवा लागते. ज्योत निळी सोडून पिवळी पडू लागली आणि भांड्यांना काजळी धरू लागली, तर आधी हवा आणि बर्नरची भोकं तपासावीत.

दुसरं कारण नळी. चिमणीचं तोंड १५० मिमी व्यासाचं, पण भिंतीतलं जुनं भोक १०० मिमीचं, म्हणून मधे रिड्यूसर लावून बारीक नळी जोडलेली. व्यास दोन तृतीयांश झाला की जागाही दोन तृतीयांश उरते असं वाटतं. तसं होत नाही. १५० मिमीच्या नळीचं तोंड सुमारे १७७ चौरस सेंमी, १०० मिमीचं सुमारे ७९. निम्म्याहून कमी. त्यात नळी सुरकुत्यांची, लांबीला जास्तीची आणि तीन वळणांची. प्रत्येक सुरकुतीत तेल साचलेलं. पंख्याचा जोर नळीशी झगडण्यातच संपत होता, आणि तोच झगडा कानाला आवाज म्हणून ऐकू येत होता.

भोक कोअर कटरने १६० मिमी केलं. गुळगुळीत कडक नळी १५० मिमीची, आणि एका काटकोनी वळणाऐवजी पंचेचाळीस अंशांची दोन सौम्य वळणं. सांध्यांना ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावली. कापडी पट्टी उष्णतेने आणि तेलाने सुटते. बाहेरच्या तोंडाला वाऱ्याने बंद होणारी झडप बसवली. चिमणी शेगडीपासून ८५ सेंमीवर टांगलेली होती, ती ७० सेंमीवर आणली. गॅसच्या शेगडीला साधारण ६५ ते ७५ सेंमी अंतर चालतं, पण आपल्या चिमणीच्या कागदावर जे किमान अंतर दिलेलं असेल त्याच्या खाली जायचं नाही. जाळ्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवल्या. जाळ्या ॲल्युमिनियमच्या असतील तर सोडा वापरू नये, त्या काळ्या पडतात. त्यांना भांड्यांचा साबणच बरा.

नंतर दुसऱ्या नंबरचा वेग पुरू लागला. पूर्वी तिसऱ्यावरही भागत नव्हतं.

एक उणीव उरली. चिमणी ६० सेंमी रुंद, शेगडी ६५. खरं तर चिमणी शेगडीहून दोन्ही बाजूंना थोडी रुंद हवी. ती बदलायची नव्हती, म्हणून तळणं आणि मोठ्या आचेवर परतणं मागच्या बर्नरवर करायचं ठरलं. मागचा बर्नर चिमणीच्या पोटाखाली नीट येतो, पुढच्याचा धूर काठावरून निसटतो.

फळीसाठी वेगळं काही करावं लागलं नाही. चिकटपणा फळीचा नव्हता, हवेत तरंगणाऱ्या तेलाच्या बारीक थेंबांचा होता. ते थेंब बसतात, वाळून घट्ट होतात आणि त्यांवर धूळ धरते. कामाआधी फळीवर पांढरा कागद सात दिवस ठेवला होता. त्याच्यावर बोट फिरवल्यावर पिवळट रेघ उठली. कामानंतर तसाच कागद सात दिवस ठेवला, तर धुळीचे कण सुटे होते, फुंकरीने उडाले. कपाटाला दारं लावून भांडी कोंडायचा जो विचार होता तो तिथेच सोडून दिला.

ओट्याची जागा

ओट्याची समोरची कड साडेतीन मीटर. त्यातून सिंक ७५ आणि शेगडी ६५ सेंमी वजा केली की २.१ मीटर उरते. पण ती सलग नाही. सिंक आणि कोपरा यांत २२, कोपरा आणि शेगडी यांत ४३, शेगडी आणि फ्रिज यांत ६२, सिंकच्या पलीकडे ८३. ओटा डोळ्यांना अखंड दिसतो, हातांना मात्र चार तुकडे मिळतात.

या तुकड्यांवर काय होतं? ८३ वर भांडी निथळण्याची ५० सेंमीची टोपली. ६२ वर ओव्हन. ४३ वर बाटल्या-बरण्यांचं तबक. मिक्सर कोपऱ्यात. सगळ्यात मोठी मोकळी जागा ३३ सेंमी, तीही ओल्या टोपलीला खेटून. चिरणं, मळणं, वाढणं सगळं त्या ३३ सेंमीत चाललं होतं. सिंकलगत साधारण ९० सेंमी सलग जागा आणि शेगडीच्या एका बाजूला ३० व दुसऱ्या बाजूला ३८ सेंमी मोकळी जागा हवी, हा नियोजनातला रुळलेला आकडा. गरम भांडं दोन्ही हातांत घेऊन फिरावं लागणं ही गैरसोय नाही, तो अपघात आहे, फक्त अजून झालेला नाही.

टोपली सिंकवर टांगायची हे पहिलं सुचणारं उत्तर. बरेच जण तेच करतात आणि खिडकीचा उजेड घालवतात. इथे खिडकीच्या पलीकडे ७० सेंमी भिंत होती. तिथे ६० सेंमीची स्टीलची निथळणी ओट्यापासून ४५ सेंमी वर बसवली, खाली पाण्याची ताटली. ओली भांडी भरली की अशा निथळणीवर १५ ते २० किलो भार सहज येतो, त्यामुळे खिळे पुरत नाहीत. विटांच्या भिंतीत प्लग आणि लांब स्क्रू लागतात, आणि तेही विटेत. विटांमधल्या सांध्याच्या भुसभुशीत सिमेंटमध्ये बसवलेला प्लग महिन्याभरात हलू लागतो.

ओव्हन बाहेरच्या खोलीत गेला, कारण वहीत त्याची नोंद आठवड्यात दोनदाच होती, आणि त्यातली एक त्याच्यावर पातेलं ठेवल्याची. आता शेगडी आणि फ्रिज यांमधली ६२ सेंमी कायम रिकामी. तिथे काही ठेवायचं नाही हे पाळणं अवघड जातं, म्हणून त्या जागेवर एक उष्णता सोसणारी स्टीलची जाळी ठेवली. रिकामी जागा लोक भरतात. कामाला नेमून दिलेली जागा तशी भरत नाहीत.

फ्रिजचं दार शेगडीच्या बाजूला बिजागरी असलेलं होतं. उघडलं की दार त्या ६२ सेंमीसमोर भिंतीसारखं उभं राहायचं, आणि काढलेली वस्तू ठेवायला वळसा घालावा लागायचा. अनेक फ्रिजची बिजागरी बदलता येते, याचीही येत होती. मात्र दुसऱ्या बाजूला खोलीची भिंत असेल तर दार काटकोनाहून जास्त उघडत नाही आणि आतले खण बाहेर येत नाहीत. म्हणून फ्रिज भिंतीपासून ६ सेंमी सरकवला. स्टूल सिंकच्या टोकाला, ८३ सेंमीच्या तुकड्यासमोर गेलं. चिरणारा आणि बोलणारा आता समोरासमोर येतात.

कंबर

ओटा ८४ सेंमी उंच. उभं राहून कोपर वाकवलं की जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर आईचं ९५, मुलाचं ११० सेंमी. चिरण्यासाठी पृष्ठभाग कोपराखाली १० ते १५ सेंमी हवा. आईला ओटा ११ सेंमी खाली, म्हणजे अचूक. मुलाला २६. ओटा उंच करा असा त्याचा आग्रह होता. तसं केलं असतं तर आईचे खांदे दुखायला लागले असते. ओट्यावर ठेवून चिरायला पायांसकट १२ सेंमी उंचीचा लाकडी पाट त्याच्यासाठी केला, खाली रबराची बुटं. त्याचं काम आता ९६ सेंमीवर चालतं.

सिंकचं दुखणं याहून खोल. भांडं २२ सेंमी खोल, म्हणजे तळ जमिनीपासून ६२ वर, मुलाच्या कोपरापासून ४८ सेंमी खाली. तळात १० सेंमीची जाळीची घडवंची ठेवली, तीवर भांडं टेकवून घासता येतं. पण निम्मं कारण पायाशी होतं. सिंकखालच्या कपाटाची पट्टी दारांच्या रेषेतच होती, पावलं आत जायला खाच नव्हती. बोटं पट्टीला अडतात, माणूस आठ-दहा सेंमी मागे उभा राहतो, आणि तेवढं अंतर कमरेतून वाकून भरून काढतो. पट्टी ८ सेंमी आत सरकवली, उंची १० सेंमी ठेवली. तास दीड तासाचं काम.

त्याच कपाटाचा तळ फुगलेला होता. नळ गळत नव्हता. ओट्यावरचं पाणी कडेवरून खाली येतं, दगडाच्या खालच्या बाजूने उलटं आत सरकतं आणि कपाटात टपकतं. यावर दगडाच्या खाली कडेपासून दोनेक सेंमी आत खाच पाडतात, म्हणजे थेंब तिथेच तुटतो. सिंकपुढे मात्र दगडाची पट्टी सहा-सात सेंमीचीच असते. तिथे ग्राइंडर लावला तर दगड तडकू शकतो. म्हणून खाच न पाडता सिलिकॉनची सलग रेघ ओढली, तीही थेंब अडवते. भिंतीकडचा जुना सांधा पूर्ण खरवडून, स्पिरिटने पुसून, कोरडा करून पुन्हा भरला. जुन्यावर नवं सिलिकॉन धरत नाही. नैसर्गिक दगडाला न्यूट्रल सिलिकॉनच घ्यावं, व्हिनेगरसारखा वास येणारं दगडावर डाग पाडू शकतं. चोवीस तास पाणी लागू द्यायचं नाही.

सिंकखालून वासही यायचा, तो नळीचा होता. सुरकुत्यांची नळी मधे झोळ पडून लोंबत होती, तेल तिथेच साचत होतं. ४० मिमीची गुळगुळीत नळी, मीटरला २५ मिमी उतार, आणि ५० मिमी पाणी धरून ठेवणारा बॉटल ट्रॅप. वास गेला.

उजेड आणि खण

दिवसा खिडकी पुरते. रात्री छताच्या मधला दिवा काम करणाऱ्याच्या पाठीमागे येतो आणि सुरीवर त्याचीच सावली पडते. निथळणीखाली एलईडी पट्टी लावली, रंग ४००० केल्विन (ना पिवळा, ना निळसर), पाण्यापासून सुरक्षित प्रकारची. पहिल्यांदा ती भिंतीकडच्या कडेला बसवली, आणि चकचकीत काळ्या दगडात दिव्यांच्या ठिपक्यांची रांग डोळ्यांत जाऊ लागली. पुढच्या कडेला, दुधी झाकणाच्या ॲल्युमिनियम पट्टीत आणल्यावर ते थांबलं.

८३ सेंमीच्या तुकड्याखालच्या दाराच्या कपाटाच्या जागी तीन खणांची ट्रॉली केली. गुडघ्यावर बसून मागचं भांडं शोधणं बंद झालं. पण पहिल्या दिवशी मधला खण अर्ध्यात अडकला. कपाटाची आतली रुंदी पुढे ७१४ मिमी, मागे ७१० होती. खण पुढचं माप धरून केलेला. खण ज्यांवर सरकतो त्या बॉल-बेअरिंग चॅनेलला दोन्ही बाजूंना साधारण १२.७ मिमी लागतात, दोन-तीन मिमीचा फरकही ते पोटात घालत नाहीत. खण मागच्या मापाने पुन्हा केला आणि पुढे चॅनेलखाली दोन्हीकडे २ मिमीची पट्टी घातली. कपाटाचं माप नेहमी पुढे, मधे आणि मागे अशा तीन ठिकाणी घ्यावं.

तीन महिन्यांनी

तीच वही, तेच सात दिवस. धूर, कंबर आणि गरम पातेल्याच्या नोंदी आल्या नाहीत. नव्या आल्या. लाकडी पाट जड आहे आणि सकाळी आईला तो उचलून बाजूला ठेवावा लागतो. फ्रिजजवळच्या ६ सेंमीच्या फटीत १२ सेंमीचा पाट मावत नाही. आता तो सिंकच्या टोकाला भिंतीशी उभा असतो. निथळणीच्या ताटलीत दर दोन दिवसांनी पाणी साचतं, ते ओतायचं राहिलं की वास धरतं. चिमणीचा सौम्य आवाज आईला अजूनही आवडत नाही.

कोपऱ्यातलं आंधळं कपाट तसंच ठेवलं. त्यात फिरती चक्री बसवता आली असती, पण चक्री गोल आणि कपाट चौकोनी, त्यामुळे बरीच जागा वाया जाते. वर्षातून चार-पाचदा लागणारी मोठी भांडी तिथे आहेत. ती काढायला जमिनीवर बसावं लागतं, आणि तेवढं चालेल असं दोघांनी वहीत लिहिलं आहे. भिंतीचा विषय सात दिवसांत कोणी काढला नाही.